अंगावर पेलणारे चिलखत : वेशभूषेतील कवच, मुखवटे व शस्त्रप्रतिकृतींची टिकाऊ घडण (परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : वेशभूषा, कॉस्प्ले, चिलखत, मुखवटा, लोककला, युवक महोत्सव

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, विद्यापीठाचा युवक महोत्सव, तेथील शोभायात्रा किंवा 19 फेब्रुवारीची शिवजयंतीची मिरवणूक, या प्रत्येक प्रसंगी चिलखत, जिरेटोप, ढाल व तलवार धारण केलेले विद्यार्थी हे परभणी जिल्ह्यातील नेहमीचे दृश्य होय. त्यामागील अडचणीही तितक्याच नेहमीच्या आहेत. पहिल्या प्रवेशातच खांद्याचा पट्टा सुटतो, थर्माकोलची ढाल मध्यभागी दुभंगते, मुखवटा घातलेल्या विद्यार्थ्याला पायरी दिसत नाही आणि सोनेरी छातीपट्टा घातलेला सेनापती तासाभरात घामाने इतका बेजार होतो की संवादच विसरतो. स्पर्धा संपली की हे सर्व सामान एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात पडून राहते व पुढील वर्षी पुन्हा नव्याने खर्च करावा लागतो, नाहीतर ड्रेपरीवाल्याकडून कोणाच्याही मापाचे नसलेले कपडे भाड्याने आणावे लागतात.

या अपयशाचे खापर बहुधा निधीच्या अभावावर फोडले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु वेशभूषेतील कवच का मोडते याचा बारकाईने विचार केल्यास असे आढळते की ते क्वचितच पृष्ठभागावर मोडते. ते सांध्यात मोडते. जेथे कठीण वस्तू व हलणारे शरीर एकमेकांना भेटतात तेथे सर्व ताण एकवटतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणाकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले असते, कारण ते प्रेक्षकांना दिसत नाही. प्रस्तुत लेखात या न दिसणाऱ्या भागाचे विवेचन केले आहे. त्यासाठी लागणारे पुष्कळसे ज्ञान जिल्ह्याच्या परिसरातच, लोककलावंत व कारागीर यांच्या हातात, पूर्वीपासून आहे.

कॉस्प्ले आणि बहुरूपी :

कॉस्ट्यूम व प्ले या दोन शब्दांच्या जोडणीतून कॉस्प्ले हा शब्द जपानमध्ये 1980 च्या दशकात रूढ झाला. एखाद्या कथेतील, चित्रपटातील वा चित्रमालिकेतील पात्राचा वेश स्वतः तयार करून तो परिधान करणे व त्या पात्राप्रमाणे वावरणे असा त्याचा अर्थ आहे. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. 1939 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे भविष्यकालीन वेश धारण करून आले होते, व तो या प्रथेचा आरंभ मानला जातो. भारतात 2011 साली दिल्ली येथे कॉमिक कॉनचे पहिले संमेलन झाले आणि त्याच वर्षी मुंबईतही असा मेळावा भरला. तेव्हापासून महानगरांतील तरुणांमध्ये या छंदाचा प्रसार होत गेला.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. बहुरूपी, ज्याला रायरंद असेही म्हणतात, तो हेच करीत आला आहे. फरक एवढाच की त्याचा वेश छायाचित्रापुरता नसतो. तो घालून त्याला गावोगाव, दारोदार, उन्हातान्हातून चालावे लागते. वेश दुपारपर्यंत टिकला नाही तर त्या दिवसाची भिक्षा बुडते. टिकाऊपणाची याहून कठोर परीक्षा कोणत्याही संमेलनात होत नाही.

परंपरेतील नमुने :

पोतराजाच्या कमरेचा घागरा पाहावा. तो अखंड कापडाचा नसतो. रंगीबेरंगी खणांचे तुकडे जोडून तो बनलेला असतो व जीर्ण झालेल्या तुकड्याच्या जागी दुसरा लावता येतो. संपूर्ण वस्त्र एकाच वेळी कधी जुने होतच नाही. वासुदेवाची मोरपिसांची टोपी उंच असूनही मानेला जड होत नाही, कारण तिची उंची पिसांनी साधलेली असते, भरीव वस्तूने नव्हे. जिंतूर परिसरातील बंजारा तांड्यांवर स्त्रियांच्या फेटिया व कांचळीवर जे आरसे दिसतात ते चिकटवलेले नसतात. प्रत्येक आरशाभोवती दोऱ्याचे घर विणलेले असते. कापड वाकते, आरसा वाकत नाही, आणि दोरा त्या दोहोंमध्ये थोडी मोकळीक ठेवतो. कठीण वस्तू मऊ वस्तूला कशी जोडावी याचे इतके नेमके उत्तर पाठ्यपुस्तकांतही सहजी सापडत नाही.

गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यामुळे परभणीचे नाव ज्या कलेशी जोडले गेले त्या गोंधळाचाही येथे उल्लेख करावा लागेल. पायघोळ झगा व गळ्यातील कवड्यांच्या माळा हा वेश रात्रभर उभे राहून, गाऊन, नाचून सांभाळावा लागतो. कवडी ही लहान, गुळगुळीत व स्वतंत्रपणे ओवलेली असते, त्यामुळे वजन असूनही माळ शरीराच्या हालचालीबरोबर हलते. एकच मोठा कठीण पट्टा त्याच वजनाचा असता तरी तो रात्रभर सहन झाला नसता.

मुखवट्यांसाठी मात्र जिल्ह्याबाहेर पाहावे लागते. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा भागात होणाऱ्या बोहाड्यात देवदेवता व दैत्य यांचे मोठे मुखवटे वापरले जातात. लाकडी मुखवट्यांबरोबरच कागदाच्या लगद्याचे मुखवटे तेथे प्रचलित आहेत. वजन कमी झाले म्हणजे मोठा मुखवटाही अधिक काळ नाचविता येतो, हा कागदाचा उघड लाभ. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळींकडून शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे, ती पेटाऱ्याची होय. गावोगाव फिरणाऱ्या मंडळीचे सामान पेटाऱ्यात मावेल एवढेच असते व त्या पेटाऱ्याची पूजा होते. सामान ठेवण्याच्या जागेला इतका मान देणारी दुसरी नाट्यपरंपरा क्वचितच असेल.

खरे चिलखत आणि दाखविण्याचे चिलखत :

मराठेशाहीतील चिलखत म्हणजे प्रामुख्याने लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा. तो वाकत असे, दुमडत असे आणि वस्त्राखाली लपविता येत असे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही सर्वश्रुत घटना या गुणाचीच साक्ष देते. तेव्हा मावळ्यांच्या अंगावर छातीचे स्नायू कोरलेले सोनेरी कवच चढविणे हे ऐतिहासिकदृष्ट्याही चुकीचे आहे. ती कल्पना रोमन चित्रपटांतून आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातील दूरदर्शनवरील पौराणिक मालिकांतून आपल्या रंगमंचावर आली असावी. पौराणिक पात्रांना ती शोभते, ऐतिहासिक पात्रांना शोभत नाही.

कड्यांच्या चिलखताचा रंगमंचीय पर्याय अतिशय सोपा आहे. जाड लोकर किंवा बारीक सुतळी सैल टाक्यांनी विणावी व तीवर प्रथम काळा आणि मग हलक्या हाताने रुपेरी रंग कोरड्या ब्रशने फिरवावा. दहा-पंधरा फुटांवरून हे विणकाम लोखंडी कड्यांसारखेच भासते. खऱ्या चिलखताचे वजन दहा किलोच्या आसपास जाऊ शकते, हे मात्र एक-दीड किलोत भागते. शिवाय त्यातून वारा खेळतो. वसतिगृहातील विद्यार्थिनी हे काम आठवड्याभरात सहज करू शकतात, आणि विद्यार्थ्यांनीही ते शिकण्यास हरकत नसावी.

साहित्याची निवड :

पौराणिक वा काल्पनिक पात्रासाठी कठीण दिसणारे कवच हवेच असेल तर वजनाचा हिशोब प्रथम करावा. छातीच्या पुढील भागाचे क्षेत्रफळ सुमारे पाव चौरस मीटर धरल्यास सव्वा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन जवळजवळ अडीच किलो भरते. तेवढ्याच आकाराच्या, दहा मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचे वजन, त्याची घनता घनमीटरला शंभर किलो धरल्यास, अवघे पाव किलो होते. ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट. चपलांचे तळ, व्यायामशाळेतील चटया यांत वापरला जाणारा हाच पदार्थ होय. जगभरातील कॉस्प्ले करणारे हौशी कलावंत आज मुख्यतः याचाच उपयोग करतात. चपला-बूट तयार करणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना तो परिचित आहे.

हा फोम उष्णतेने मऊ होतो, त्या अवस्थेत त्याला हवा तो बाक देता येतो व थंड झाल्यावर तो बाक टिकून राहतो. त्यासाठी हीट गन लागते. बाक देणे ही केवळ सौंदर्याची बाब नाही. सपाट पत्रा हाताने वाकतो, पण नालीदार पत्र्यावर माणूस उभा राहू शकतो. जाडी दुप्पट केल्यास वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो हे खरे, तथापि योग्य ठिकाणी बाक किंवा कणा दिल्यास जाडी न वाढविताही मोठी मजबुती मिळते. म्हणून छातीच्या मध्यावर एक उभी धार काढावी व कडा बाहेरच्या बाजूस किंचित वळवाव्यात. वळविलेली कड अंगाला बोचत नाही, हा वेगळा लाभ.

थर्माकोलविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. तो स्वस्त व हलका आहे, परंतु ठिसूळ आहे. रबरी सोल्यूशन व फवाऱ्याचे रंग यांतील द्रावके त्याला विरघळवून टाकतात. 2018 साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोल उत्पादनांबाबत काढलेल्या अधिसूचनेने सजावटीसाठी त्याच्या वापरास मनाई केली, हेही संस्थांनी लक्षात घेणे आवश्यक आहे. फायबर ग्लासचे काम टिकाऊ असते, मात्र त्यातील राळ, उत्प्रेरक व काचतंतूंची धूळ ही महाविद्यालयाच्या वर्गखोलीत हाताळण्याची सामग्री नव्हे.

या सर्वांहून अधिक विचार करण्यासारखा पदार्थ घरातच आहे. बांबूच्या टोपल्या व सुपे यांना कागदाचा लगदा व मेथीचे पीठ यांचा लेप देऊन ती वर्षानुवर्षे वापरण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात होती. अभियांत्रिकीच्या परिभाषेत हा तंतुमय संयुक्त पदार्थच आहे. बांबूची वीण ताण सोसते, कागदाचा लेप दाब सोसतो व मेथीचा चिकटपणा दोहोंना धरून ठेवतो. बुरूड कारागिराकडून पसरट, उथळ टोपली विणून घेऊन तिला असा लेप दिल्यास उत्तम ढाल तयार होते. ती जमिनीवर आपटली तरी फुटत नाही, फार तर लेपाचा पोपडा निघतो व तो पुन्हा भरता येतो. आयात केलेल्या महागड्या थर्मोप्लास्टिकच्या पत्र्यांची जाहिरात वाचून हताश होणाऱ्यांनी एकदा आठवडी बाजारात फेरी मारावी.

कागदी मुखवट्यासाठी मातीच्या साच्यावर कागदाचे तुकडे खळीने थरावर थर चढवावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. उन्हाळ्यात हे काम झपाट्याने होते, पण युवक महोत्सवाची तयारी बहुधा पावसाळ्यात चालते आणि ओल राहिलेल्या थरांना आतून बुरशी येते. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तोंडाजवळ येणाऱ्या मुखवट्यात ते कदापि घालू नये, कारण मोरचूद विषारी आहे.

सांधे :

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. कवच अंगावर कसे बसते? नवशिका कारागीर छातीचा भाग व पाठीचा भाग तयार करतो आणि त्यांना खांद्यावर व काखेत वेल्क्रोच्या चिकट पट्ट्यांनी जोडतो. पहिला घाम आला की पट्टीमागील गोंद सुटतो. वेल्क्रो वाईट नाही, त्यामागील गोंद वाईट आहे. पट्टी नेहमी शिवलेलीच हवी.

याहून चांगली रीत म्हणजे कवच शरीरावर न बांधता एका बंडीवर बांधणे. जुन्या काळी दख्खनच्या योद्ध्यांमध्ये कापूस भरून शिवलेले जाड अंगरखे वापरात होते. कापसाच्या या जिल्ह्यात तशी बंडी करून घेणे अवघड नाही. दोन पदरी सुती कापडात कापसाचा पातळ थर घालून वाकळीप्रमाणे धावदोरा घातला की ती तयार होते. वाकळ शिवणाऱ्या स्त्रियांच्या हाताला हे काम शिकवावे लागत नाही. ही बंडी घाम शोषते, अंगाला घासू देत नाही आणि मुख्य म्हणजे वजन संपूर्ण धडावर वाटून देते. तिच्यावर खांदा, दंड व कंबर यांचे कवचखंड सुती बंदांनी बांधावेत. खालचा खंड वरच्या खंडाखाली थोडा जाईल अशी रचना करावी. घरावरील कौले जशी एकमेकांवर बसतात तशीच ही मांडणी असते. हात वर केला की खंड एकमेकांवर सरकतात, तुटत नाहीत. वजनाचा मोठा भाग कमरेच्या रुंद पट्ट्यावर यावा. खांद्यावर लटकणारे दोन किलो कमरेवरील चार किलोंपेक्षा अधिक थकवतात.

फोमचे तुकडे एकमेकांस जोडताना रबरी सोल्यूशन दोन्ही कडांना लावून, ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबून, मगच दाबावे. घाईने ओले असताना दाबलेला सांधा हमखास उघडतो. काम मोकळ्या हवेत करावे, कारण या द्रावकांच्या वाफा डोक्यात जातात. परंतु सोल्यूशनवर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे आहे. मे महिन्यात परभणीचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात ते आणखी कितीतरी वाढते. अशा उष्णतेत सोल्यूशन पुन्हा मऊ होते, फोमचा बाकही सैल पडतो. म्हणून ज्या सांध्यावर ताण येतो तेथे गोंदाबरोबर मेणाच्या दोऱ्याचे टाके किंवा रिबिट असावेत, आणि रिबिटाखाली चामड्याची वा रेक्झिनची चकती असावी. चकतीशिवाय मारलेले रिबिट फोम फाडून बाहेर येते.

रंगाच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. वाकणाऱ्या पृष्ठभागावर वाकणारा रंगच टिकतो. तेलरंग वाळून कडक होतो आणि फोम वाकताच त्याला तडे जातात. पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून त्याचे तीन-चार हात द्यावेत व त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग लावावा.

माप घेण्याची एक सोपी पद्धत येथे नमूद करण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला बंडी घालून उभे करावे, त्याच्या अंगाभोवती जुनी वर्तमानपत्रे गुंडाळून चिकटपट्टीने घट्ट बसवावीत, त्यावर कवचाच्या रेषा काढाव्यात व मग कापून सपाट करावीत. जेथे कागद सपाट होत नाही तेथे शिंपी टक घेतो तशी चीर द्यावी. मग पुठ्ठ्याचे कवच करून विद्यार्थ्याला बसायला, वाकायला, जिना चढायला व दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगावे. जे पुठ्ठ्यात अडते ते फोममध्येही अडणार आहे.

उष्णता व दृष्टी :

ईव्हीए फोमच्या पेशी बंद असतात. त्यातून पाणी जात नाही व वाराही जात नाही. घाम शरीराला थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि कवचाखाली बाष्पीभवनच थांबते. त्यामुळे छायाचित्रात हलका व सुखकर दिसणारा वेश परभणीच्या हवेत वीस मिनिटांत असह्य होऊ शकतो. ही गैरसोयीची नव्हे, आरोग्याची बाब आहे. काख, पाठीचा मध्य व मानेमागील भाग मोकळा ठेवावा. पाठीवर झगा, शेला वा उपरणे येणार असेल तर त्याखाली पाठीचे कवच करण्याची गरजच नाही. शिरस्त्राण थेट डोक्यावर न टेकता बांधकामावरील सुरक्षा टोपीप्रमाणे आतील पट्ट्यांवर तरंगते ठेवावे, म्हणजे मध्ये हवेची पोकळी राहते. मुखवटा घातलेल्या नटाबरोबर रंगमंचाबाहेर एक सोबती नेमावा व मुखवटा एका हाताने, मदतीशिवाय, तत्काळ काढता यावा. गाठ मारून बांधलेला मुखवटा वापरूच नये. चक्कर आलेल्या विद्यार्थ्याच्या मानेमागील गाठ सोडविण्यात जाणारी दोन मिनिटे कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोलाची आहेत.

शस्त्रप्रतिकृती :

घरातील जुनी तलवार मिरवणुकीत आणण्याचा मोह काही ठिकाणी होतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारी, तसेच घरगुती वा शेतीच्या उपयोगाची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे यांचा स्वतंत्र वर्ग आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गर्दीत धार असलेले पाते ही गोष्ट शिक्षकांनी मान्य करण्याजोगी नाही. प्रतिकृतीसाठी बांबूची पट्टी गाभा म्हणून घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना फोम चिकटवावा व टोक गोलाकार ठेवावे. पाते मोडते ते नेहमी मुठीपाशी, म्हणून गाभ्याची पट्टी मुठीच्या शेवटपर्यंत अखंड गेली पाहिजे. दांडपट्ट्याची रचना यादृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्यात हात कोपराच्या दिशेने खोबणीत शिरतो व आतील आडवी दांडी मुठीत धरली जाते, त्यामुळे पात्याचा झोक मनगटाऐवजी संपूर्ण हात सोसतो. लांब पात्याच्या प्रतिकृतीला ही योजना सामान्य मुठीपेक्षा पुष्कळ सुरक्षित ठरते, अर्थात शेजारच्या नर्तकापासून अंतर राखले तर.

जतन व दुरुस्ती :

बहुतेक वेश वापराने नव्हे, साठवणीने नष्ट होतात. एकमेकांवर रचलेले कवच वर्षभरात चपटे होते. छातीचा भाग उलट्या मडक्यावर बसवून ठेवावा, मुखवट्यांत कापडाचे बोळे भरावेत, बंड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून निराळ्या ठेवाव्यात. फोमच्या वस्तू मात्र उन्हापासून दूर असाव्यात. कागदी वस्तूंच्या पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकण्याची घरगुती पद्धत येथेही उपयोगी पडते. प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूस क्रमांक लिहून सांस्कृतिक विभागाच्या नोंदवहीत ती कोणी, कधी व कशापासून केली याची नोंद करावी. तीन वर्षांनी पदवी घेऊन निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर त्याची युक्तीही निघून जाते, ती या नोंदीमुळे मागे राहते.

संघाबरोबर प्रवासात एक लहान डबा असावा. त्यात जाड सुई, मेणाचा दोरा, सुती बंद, दोन-चार सुटे बक्कल, सेफ्टी पिना, सोल्यूशनची नळी, कात्री व रंगाची छोटी बाटली एवढे पुरेसे आहे. तो डबा कोणाही मोकळ्या विद्यार्थ्याच्या हाती न देता ज्याने ते कवच शिवले त्याच्याच हाती द्यावा, आणि प्रवेशिकेत नटांबरोबर त्याचेही नाव घालावे.